खिडकीपलीकडची आठ मिनिटं

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरखाली, साधारण दोन बोटांवर, आणखी एक ओळ असते. कॉलरसारखी टोकदार नाही. किंचित झुकलेली, अर्धगोल. कापड पातळ असेल आणि उजेड तिरका पडत असेल तरच ती दिसते. आमच्या खोऱ्यात ती ओळ दिसली की समजायचं, या माणसाने मंदिरात जाऊन वचनं घेतली आहेत. त्या आतल्या वस्त्राबद्दल आम्ही बोलत नाही. बघतो मात्र सगळेच, आणि बघितलं नाही असं दाखवतो.

थेन हॉलक्रॉफ्टच्या शर्टाखाली ती मला दिसली जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

लोगनच्या बाहेर चीजचा एक कारखाना आहे, तिथे मी दूध तपासते. गोठ्यांवरून टँकर येतात, आणि टँकरचं झाकण उघडण्याआधी त्यातलं बाटलीभर दूध माझ्या खिडकीशी येतं. गाईला दिलेलं औषध दुधात उतरलं असेल तर अख्ख्या हौदाचं चीज फुकट जातं. तपासणीची पट्टी दुधात धरली की निकाल यायला आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ टँकर उभा आणि ड्रायव्हरही उभा.

नेहमीचे ड्रायव्हर ब्रदर यिअर्सली त्या आठवड्यात बर्फावर घसरून घरी पडले होते. त्यांच्या जागी हा आला. बाहेर इतकं धुकं की टँकरचे दिवेसुद्धा दुधात बुडवल्यासारखे दिसत होते. त्याच्या पापण्यांवर बारीक दहिवर साठलं होतं.

"थांबावं लागेल," मी म्हणाले. "आठ मिनिटं."

"आठच? यिअर्सली म्हणाले होते, पंधरा लागतात."

"ते गप्पा मारत बसतात."

"मग माझी सात मिनिटं कापायचं कारण?"

मी पट्टीकडे बघत राहिले. माझा चेहरा काही दाखवत नाही, पण कान दाखवतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नेड्राबाई म्हणतात, तुझ्या कानांवर हात शेकता येतील.

त्याने जाकीट काढून खुंटीला लावलं, आणि तेव्हा ती ओळ दिसली. मग त्याने आम्हाला वर्ज्य असलेल्या कॉफीचं यंत्र ओलांडून पलीकडच्या कोकोच्या डब्यातून कप भरला. कप फार गरम होता, बोटांवर सांडला. भाजल्यावर माणूस देवाचं नाव तरी घेतो किंवा शिवी तरी देतो. हा म्हणाला, "हात्तिच्या."

निकाल आला. दूध स्वच्छ होतं. त्याने सही केली, आणि सहीतलं नाव वाचून नेड्राबाई माझ्या कानाशी लागल्या. "थेन. नावसुद्धा आपल्यातलंच. आणि बोटात अंगठी नाही."

"तुम्ही नमुन्यांची नोंद करा."

"करतेच आहे, पोरी. याचीच करतेय."

नेड्राबाई साठीच्या, विधवा, आणि खोऱ्यातल्या तीन गावांची नाती त्यांना तोंडपाठ. आमच्या प्रयोगशाळेची दुसरी खिडकी कारखान्याच्या दुकानात उघडते. तिथे ताजं चीज आणि आइस्क्रीम खायला माणसं लांबून येतात. बाहेरची माणसं आमच्या ख्रिस्ती पंथाला मॉर्मन म्हणतात. आम्ही एकमेकांना नुसतं 'आपल्यातले' म्हणतो. कोणतं कुटुंब आपल्यातलं आणि कोणतं नाही, हे ओळखण्याचा आम्हा दोघींचा खेळ चालतो. पाच पोरं, उतरत्या उंचीची. आईच्या बाह्या कोपराला टेकलेल्या, भर जुलैमध्येही. बाळाच्या लंगोटांची पिशवी बापाच्या खांद्यावर. कडेवरच्या पोराच्या मुठीत कोरडे ओटचे गोळे, रविवारच्या सभेत गप्प बसवायला देतात तेच. मधल्याच्या बोटात हिरव्या ढालीची अंगठी, आमच्या चर्चमध्ये पोरांना देतात ती. आणि आइस्क्रीम पुढ्यात आल्यावर सगळ्यांत धाकट्याने नकळत छातीशी घातलेली हातांची घडी. सहांतल्या तीन खुणा जुळल्या की मी 'आपल्यातले' म्हणते. मग नेड्राबाई दुकानात जाऊन गप्पा मारून खातरजमा करून येतात. सहा वर्षांत माझे अंदाज शंभरातले सत्त्याण्णव बरोबर आले होते.

थेनच्या बाबतीत चार खुणा जुळत होत्या. मी विचारलं नाही. दूध पांढरं आहे का, असं कोण विचारतं?

माझं एकतिसावं नुकतंच लागलं होतं. आमच्याकडे तरुण अविवाहितांची वेगळी मंडळी असते. एकतिसावं लागलं की तिथलं नाव कमी होतं आणि माणूस आई-बाबांच्या मंडळीत, रडणाऱ्या पोरांच्या मध्ये परत येऊन बसतो. मी डिसेंबरात परत आले होते. आता बसायला माझी नेहमीची जागा होती, खांबामागे.

फेब्रुवारीत यिअर्सली बरे होऊन कामावर आले, पण आमच्या खिडकीशी आले नाहीत.

"त्यांनी दुसऱ्या बाजूचे गोठे मागून घेतले म्हणे," थेन म्हणाला.

"म्हणे?"

"मी महिनाभर त्यांच्या अंगणातला बर्फ काढला. मग त्यांना उत्तरेकडचे गोठे आवडायला लागले."

शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ न सांगता काढणं, ही पाचवी खूण. मी ती मनात लिहून ठेवली आणि हसू आलं ते दाबलं.

"हसलात," तो म्हणाला.

"पट्टी बघत होते."

"पट्टीवर विनोद लिहिलाय का?"

असं आठ-आठ मिनिटांनी ते वाढत गेलं. आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ मिनिटं, म्हणजे महिन्याला तीन तासांहून थोडं कमी. एवढ्या वेळात माणसाबद्दल किती कळतं? बरंच कळतं. त्याला गाईंची नावं पाठ होती, मालकांची नव्हती. बाटली देताना तो ती बाहीला पुसून द्यायचा. उत्तर माहीत नसलं की तो खोटं बोलायचा नाही, खालचा ओठ दाताखाली धरून गप्प राहायचा. मार्चमध्ये एका सकाळी त्याने बाटली दिली आणि लगेच सोडली नाही. माझ्या हातात रबरी मोजा होता, त्याच्या हातात लोकरीचा. दोन मोज्यांमधून उष्णता पोहोचायला वेळ लागतो, पण पोहोचते.

"लुआन," तो म्हणाला. तोवर 'सिस्टर सोरेन्सन' म्हणायचा. "रविवारी काय करतेस?"

"चर्च. मग आईकडे जेवण." आणि मग, माझ्याच आवाजावर विश्वास न बसून — "तू ये ना… जेवायला."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात आईसाठी मधाची बाटली. आईला तो दारातच आवडला. बाबांना तो दहा मिनिटांत आवडला, कारण बाबांच्या आजारी गाईच्या कासेला हात लावून त्याने सांगितलं की दुखणं डावीकडच्या मागच्या सडात आहे, पुढच्या नाही.

टेबलावर भाजलेलं मांस, बटाटे, गरम पाव, आणि गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली. बाबा पाहुण्याचा मान म्हणून म्हणाले, "थेन, अन्नावर आशीर्वाद तू मागशील?"

त्याने हातांची घडी घातली, मान झुकवली आणि शांतपणे प्रार्थना केली. या अन्नाने आमच्या शरीरांना बळ मिळो, ज्या हातांनी ते केलं त्यांचं भलं होवो — आम्ही लहानपणापासून जशी म्हणतो तशीच, त्याच क्रमाने. आईने माझ्याकडे बघितलं. तो कटाक्ष मी दहा वर्षं वाट बघून मिळवला होता.

बाबांनी पाव फोडला. "मग, मिशनला कुठे पाठवलं होतं तुला?"

आमच्याकडे जेवणावर हा प्रश्न येतोच. प्रत्येक मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा झाला की धर्मसेवेला दोन वर्षं कुठेतरी जातो. कोणी तैवान सांगतो, कोणी पेरू.

"मी गेलो नव्हतो," थेन म्हणाला. "मी तुमच्या चर्चचा नाही. नॉर्थ बेंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा आहे. ते विटांचं छोटं, धान्याच्या कोठाराशेजारचं."

बाबांच्या हातातला पाव हातातच राहिला. आईने आजूबाजूला बघितलं, हाताला जे लागलं ते उचललं आणि म्हणाली, "जेली घे ना अजून."

"हो, घेतो," तो म्हणाला आणि खरंच घेतली.

जेवणानंतर मी त्याला ओसरीवर गाठलं.

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"माझ्याकडे पुरावे होते."

"कसले पुरावे?"

"तू कॉफी घेत नाहीस."

"मला पित्त होतं."

"भाजल्यावर हात्तिच्या म्हणालास."

"आमच्या गल्लीत अकरा घरं तुमची. शिवी दिली की अकरा आया कान पिळायच्या. शिकलो."

"तुझं नाव थेन आहे."

"मी जन्मलो त्या रात्री बाबा गावाला होते. आईला बर्फातून ट्रॅक्टरवर दवाखान्यात नेलं ते शेजारच्या थेन आजोबांनी. आईने नाव ठेवलं."

मी थोडा वेळ ओसरीच्या फळ्या बघितल्या. "आणि… शर्टाखाली…"

"शर्टाखाली काय?"

"एक ओळ दिसते."

त्याने मान खाली घालून स्वतःकडे बघितलं, आणि मग त्याला समजलं. गालावर हसू आलं, पण त्याने ते माझ्यासाठी आवरलं. "लुआन, ट्रकचा हीटर नोव्हेंबरपासून बंद आहे. आईने थंडीचे बनियन घेऊन दिलेत. अर्धा डझन."

माझे कान तापले. सहा वर्षांचा माझा हिशोब अर्धा डझन बनियनांनी पाण्यात घातला होता. प्रयोगशाळेत याला एक नाव आहे: पट्टीवर खूण उमटते, पण दुधात औषध नसतं.

"पण मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला, आता हसत नव्हता. "नॉर्थ बेंडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, ही मुलगी माहीत असूनही मला घरी जेवायला बोलावते… म्हणून तर तू मला एवढी धीट वाटलीस."

धीट. मला कोणी धीट म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. तो गेल्यावर मी बराच वेळ त्या शब्दाजवळ उभी राहिले, उसन्या कोटात उभं राहावं तशी.

मेमध्ये, पट्टी बाटलीत ठेवून मी घड्याळ लावलं तेव्हा तो म्हणाला, "मी एक विचारतो. आठ मिनिटांत उत्तर दे."

"विचार."

"माझ्याशी लग्न करशील?"

घड्याळाचे सेकंद पुढे जात राहिले. नेड्राबाईंनी अचानक दुसऱ्या टोकाला जाऊन सगळे फ्रीज उघडून बघायला सुरुवात केली. खिडकीतून डोंगरावरचं मंदिर दिसत होतं, दोन मनोऱ्यांचं, पांढुरकं. मी सात वर्षांची असल्यापासून त्या मंदिराचं चित्र माझ्या पलंगावर टांगलेलं आहे. तिथे लागलेलं लग्न मरणाने सुटत नाही, असं आम्ही मानतो. मीही मानते, शिकले म्हणून सोडून दिलं असं झालेलं नाही. आणि ज्याच्याशी तिथे लग्न लागायचं, तो आमच्या चर्चचा असावा लागतो.

"थोडं थांब," मी म्हणाले.

"किती?"

"मला माहीत नाही."

त्याने खालचा ओठ दाताखाली धरला. "बरं. थांबतो."

जूनमध्ये त्याने पुन्हा विचारलं, सरोवराकाठी, रासबेरीने लाल झालेल्या बोटांनी. मी थांब म्हणाले. जुलैच्या चोवीस तारखेला, आमचे पूर्वज इथे पोहोचले त्या दिवसाच्या मिरवणुकीत, बँडच्या आवाजात, तिसऱ्यांदा. मी पुन्हा तेच म्हणाले. नेड्राबाई मला म्हणाल्या, "पोरी, दूधही एवढा वेळ टिकत नाही."

ऑगस्टअखेर आई आणि मी पीच बाटल्यांत भरत होतो. ओट्यावर सालांचा ढीग, सगळ्या घराला गोड वाफेचा वास. आई कधी रागावत नाही. हळू बोलते, आणि त्यामुळे तिचं बोलणं चुकवता येत नाही.

"मुलगा चांगला आहे," ती म्हणाली.

"हो."

"तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं." तिने एक अर्धा पीच बाटलीत नेमका बसवला. "तू मला इथे हवीस म्हणून मी बोलत नाहीये, लू. इथे तर तू आहेसच. पुढेही हवी आहेस. तिकडे सगळी माणसं जमतील आणि मी मोजेन… आणि एक कमी भरेल."

मी झाकणं पुसत राहिले. आईचं दुःख खोटं असतं, दाखवण्यापुरतं असतं, तर मीही लवकर ठरवलं असतं.

दोनच दिवसांनी खिडकीशी थेन म्हणाला, "मी तुमच्या त्या दोन पोरांना घरी बोलावलंय. धडे घ्यायला."

ती दोन पोरं म्हणजे मिशनवर आलेले एल्डर, काळ्या नावपट्ट्यांचे, विशीतले.

"कशाला?"

"शिकायला. तू तर रोज म्हणतेस, तपासल्याशिवाय बोलू नये."

मी त्याला थांबवायला हवं होतं का? मला आनंद झाला, हे खरं आहे. आई जेलीच्या जागी आता चेरीचं सारण भरलेला गोड 'पाय' भाजायला लागली. धडे सहा आठवडे चालले, आणि बाप्तिस्म्याचा दिवस ठरला: ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच. पाण्यात उतरून त्याला बाप्तिस्मा बाबांनीच द्यायचा, असं थेनने सुचवलं. बाबांनी त्या दिवशी जेवताना दोनदा नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाले.

मला वाटलं, आता मला काही ठरवावं लागणार नाही.

त्या शनिवारच्या आदल्या रविवारी मी नॉर्थ बेंडला गेले, त्याचं चर्च बघायला. न सांगता गेले. विटांची एकच खोली, कोळशाच्या शेगडीचा वास, बारा बाकं. मी सवयीने माणसं मोजली. थेन धरून अकरा. त्याच्याहून तरुण कोणी नव्हतं, त्याच्या जवळपासचंही नव्हतं. पेटी वाजवणाऱ्या बाईंची बोटं वाकडी झाली होती, तरी त्या वाजवत होत्या. गाण्यात सगळ्यांचे आवाज वर, चिरके, आणि त्या सगळ्यांखाली एकच खालचा, भरीव आवाज, ज्याच्यावर बाकीचे टेकले होते. तो थेनचा होता. आमच्याकडच्या जेवणावरची प्रार्थना तो बिनचूक म्हणायचा. इथे त्याने डोळे मिटले होते आणि एका ओळीला चुकला, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बाहेर त्याची आई माझ्याजवळ आली. विल्मा हॉलक्रॉफ्ट, बारीक चणीची, हातात मोजे.

"तू लुआन."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"बाह्यांवरून," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग ती चर्चच्या दाराकडे बघत म्हणाली, "चौदाव्या वर्षापासून किल्ली त्याच्याकडे. रविवारी पाचला येऊन शेगडी तोच पेटवतो. आता किल्ली कोणाकडे द्यायची ते बघतोय आम्ही. आमच्यातला म्हातारा ब्रूस म्हणतो मी घेतो, पण त्याला पायऱ्या चढवत नाहीत."

"तुम्हाला वाईट वाटतं?"

"तो सुखात असला की झालं." मोजे तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "तसं तो म्हणतो, आहे सुखात."

शनिवारी दुपारी दोन वाजता मी आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी बसले होते. ते कुंड भरायला अडीच तास लागतात, आणि कोणीतरी शेजारी बसावं लागतं. लहान मूल आत पडू नये, पाणी वरून वाहू नये म्हणून. ते काम मी मागून घेतलं होतं. फरशी पांढरी, नळाचा आवाज एकसुरी, पाण्यावर पातळ वाफ. मी दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी बघत होते. सव्वातीन वाजता ते माझ्या मांडीएवढं झालं.

थेन साडेतीनलाच आला. बगलेत पांढऱ्या कपड्यांची घडी.

"लवकर आलास."

"घरी बसवेना." तो माझ्याशेजारी, पायरीवर बसला. त्याच्या बुटांना कोळशाची भुकटी लागली होती. शनिवारी शेगडी साफ करतात.

"आजही गेला होतास?"

"शेवटची राख काढून ठेवली. ब्रूसला वाकता येत नाही."

मी पुन्हा पाण्याची पातळी बघितली.

"थेन, तू जे शिकलास, ते तुला खरं वाटतं?"

"काही काही."

"किती?"

"टक्केवारी मागतेस?"

"हो."

तो हसला, पण ओठ दाताखाली गेला. तो म्हणाला, "तू खरी वाटतेस. तुझे बाबा खरे वाटतात. तुझी आई जेव्हा म्हणते की सगळे पुढे भेटू, तेव्हा असं असावं असं वाटतं… बाकीचं मी पाठ केलंय. मला पाठ लवकर होतं."

"मग का?"

"तू मेपासून थांब म्हणतेस. थांबायला माझी हरकत नाही, लू. पण थांबताना हातांना काही काम लागतं. मला वाटलं, तुझं ठरत नाहीये, तर माझ्या बाजूने जेवढं ठरवता येईल तेवढं मी ठरवतो."

"आणि मी तुला ठरवू दिलं."

"हो," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

मी पाण्याकडे बघितलं. आठ वर्षांची असताना मी याच कुंडात उतरले होते. बाबांचा हात पाठीवर, नाक चिमटीत. त्या पाण्यातून मी बाहेर आले तेव्हा मला खात्री होती, लहान मुलाला असते तशी सबंध खात्री, आणि आजही तिचा मोठा भाग माझ्याकडे शिल्लक आहे. म्हणूनच हे मला बघवत नव्हतं. हे पाणी मला खोटं करायचं नव्हतं. त्याने ते माझ्यासाठी पाठ करून पार पाडायचं, आणि मी काठावर टॉवेल घेऊन उभं राहायचं, आणि मग आयुष्यभर त्याच्या तोंडाकडे बघून ओळखत बसायचं की यातलं किती त्याचं आहे.

आई स्वयंपाकघरात होती. तिथून बिस्किटांच्या ट्रेचा आवाज येत होता. मला माहीत होतं की ती रडेल, आणि माझ्यासमोर रडणार नाही. पलंगावरचं ते चित्र मी काढणार नव्हते. पण त्यातल्या दारातून मी जोडीने बाहेर येणार नव्हते, कदाचित कधीच. हे मी स्वतःशी पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात म्हटलं. दुखलं. पण इतके महिने जे दुखत होतं, त्याहून हे वेगळं होतं. याला कडा होत्या, हे कुठे संपतं ते दिसत होतं.

मी उठले आणि नळ बंद केला.

खोली एकदम शांत झाली. पाणी अजून हलत होतं.

"म्हणजे काय, लू?" थेनने विचारलं. तोही उठला होता. कपड्यांची घडी त्याच्या हातातून सुटत चालली होती.

मी त्याचा हात धरला. या वेळी मोजे नव्हते. त्याचा तळवा खरखरीत होता, आणि थंड.

दार उघडलं. बाबा आत आले, पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरा टाय, दीड तास आधीच तयार. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्या हातांकडे, मग कुंडाकडे.

"पाणी थांबलं का? किती झालंय?"

"निम्मं," मी म्हणाले. "मी बंद केलं."

"काही बिघडलं?"

थेनची बोटं माझ्या बोटांत हलली आणि स्थिर झाली. माझे कान तापले नव्हते. ते माझ्या लक्षात आलं. माझा आवाज फरशीवरून परत आला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला.

"आज कोणी पाण्यात उतरणार नाही, बाबा. थेन आहे तसाच राहील, आणि मी त्याच्याशी लग्न करणार आहे."